जपानला निघालेल्यांनो, ते "पस्तीस नियम" आधी डिलीट करा

सव्वासातची_लोकल
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं, "जपानला जाण्याआधी पाठ करा असे ३५ नियम, देशाची मान खाली जाऊ देऊ नका". किती अंशात वाकायचं, कार्ड दोन हातांनीच द्यायचं, टिप दिली की त्यांचा अपमान होतो, चॉपस्टिक अशी धरली तर तसं आणि तशी धरली तर असं. आमची आई पहिल्यांदाच निघालीय, तिने ते वाचलं आणि म्हणाली मला नाही यायचं बाई, तुम्ही जाऊन या. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

पर्यटकाने अंश मोजून वाकावं अशी तिथे कुणाची अपेक्षा नसते, मान लववली की बास. टिप ठेवलीत तर विसरलात असं समजून पोरगा पैसे घेऊन मागे पळत येतो, अपमानबिपमान काही नाही. चॉपस्टिकचं दोनच लक्षात ठेवा, भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि आपल्या काड्यांमधून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण ते दोन्ही अंत्यविधीतलं आहे. भात तसा मृताच्या पुढे ठेवतात आणि अस्थी तशा उचलतात. बाकी जमत नसेल तर काटा मागा.

आणि जे खरंच नडतं ते त्या ३५ मध्ये नाहीच! टोकियो-क्योतो शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर तिच्यासाठी जागा असलेली सीट आधी बुक करावी लागते. आपल्या लग्नातल्या ढब्बू बॅगा बरोब्बर तिथे अडकतात. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवरून बॅग थेट पुढच्या हॉटेलला पाठवा, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते. रेल्वे पास "घ्याच" म्हणे. अहो ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला, आणि टोकियो-क्योतो जाऊन येऊन साधारण २८,००० होतात. करा हिशोब. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत, १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सरिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेचसे काढूनच टाकले, तेव्हा पर्समध्ये एक पिशवी ठेवा. झाले नियम. या आता फिरून.

निशिकासाईकर
नियम फालतू म्हणणं दोन आठवडे येणाऱ्याला सोपं आहे, मागे इथे टोकियोत राहतो आम्ही. गेल्या महिन्यात इथल्या मेट्रोच्या तोझाई लाइनवर एक कुटुंब, मराठीच, स्पीकरवर व्हिडिओ कॉल, "हे बघ हे बघ टोकियो", तीन स्टेशनं. कुणी एक अक्षर बोललं नाही, जपानी माणूस बोलतच नाही, फक्त सगळा डबा त्यांच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो.

क्योतोतल्या गियोन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्या २०२४ मध्ये पर्यटकांना बंद केल्या, आत शिरलात तर १०,००० येन दंड अशी पाटी आहे. फुजी पर्वताच्या फोटोसाठी त्या लॉसन नावाच्या दुकानासमोर गर्दी इतकी झाली की त्याच वर्षी गावाने काळा पडदाच लावला. हे सगळं "या आता फिरून" मुळेच झालं. लोक थोडे घाबरून आले तर बरंच आहे.

सव्वासातची_लोकल
बरं, फोनचं मान्य. हा एक नियम झाला, उरलेल्या चौतिसांचं काय? आणि गियोनच्या गल्लीत काय फक्त आपलेच लोक घुसले होते? तुम्हा तिकडच्यांना ना, गाववाला दिसला की आधी लाजच वाटते.

निशिकासाईकर
लाज नाही हो, घरभाडं. २०१७ च्या इथल्या न्याय मंत्रालयाच्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ४० टक्के जणांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. तुमच्या व्हिडिओ कॉलचं बिल आमच्या नावावर फाटतं.

सव्वासातची_लोकल
घरमालक काय तोझाई लाइनमध्ये बसून सर्व्हे करतो का? काहीही.

वरणभात
तुमचं भांडण चालू द्या पण मुख्य प्रश्न कुणीच काढला नाही, खायचं काय?? आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी. क्योतोत उडोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, मागवल्या, मांस नको मासा नको असं मोबाइलवर जपानीत लिहून दाखवलं, ती बाई हसून हो हो म्हणाली, आणि वाडगा आला तर वर माशाचे पातळ पापुद्रे वाफेने नाचतायत!! यांनी ते हलताना बघितलं आणि उठूनच गेले. पुढे कळलं की पापुद्रे नसते तरी रस्सा त्याच माशाचा होता. मिसो सूपमध्ये तेच, अंड्याच्या गोड वडीत तेच. ३५ नियमांत हे कुठंय?

खवट
मेतकुटाची पुडी घेऊन जपानला जायचंच कशाला हा माझा प्रश्न आहे. जिथलं पाणीसुद्धा माशाचं तिथे जाऊन व्हेज मागणं म्हणजे मालवणला जाऊन खानावळीत पनीर मागण्यासारखं आहे. युट्यूबवर बघा, व्हिसाची फी पण वाचेल.

वरणभात
खवट, तुमचं नाव तुम्हाला शोभतं. माझ्या ताटात काय पडावं ते तुम्ही ठरवणार का? मी त्यांना स्वयंपाक बदला म्हटलं नाही, फक्त यात काय आहे ते सांगा म्हटलं. आणि मालवणात आम्हाला सोलकढी, भात, काळ्या वाटाण्याची आमटी मिळते, पोटभर, कुणी हसत नाही.

अण्णा_सांगलीकर
आम्ही आपले टूरवाल्याबरोबर गेलो. महाराज सोबत, रोज रात्री वरणभात, एकदा तर गुलाबजाम. काही टेन्शन नाही. लोक नावं ठेवतात ठेवू देत, साठीनंतर पोट महत्त्वाचं. फक्त एक झालं, जपानी पद्धतीच्या हॉटेलात मुक्काम होता तिथे आमच्यातल्या एकांनी खोलीतच चटईवर बसून दशम्या आणि लोणचं काढलं आणि बरणी कलंडली.

निशिकासाईकर
अण्णा, ती चटई नाही, ताटामी, म्हणजे गवताने विणलेली जमीनच. त्यावर चपला काय, खोलीतल्या स्लिपरसुद्धा चालत नाहीत, आणि तुमचे मित्र त्यावर कैरीचं तेल ओतून आले. हेच म्हणतोय मी पहिल्यापासून! फॉरवर्डमध्ये हा नियम असणारच.

अण्णा_सांगलीकर
असेल. आम्ही फॉरवर्ड वाचत नाही. आणि त्यांनी पैसे भरले की, भांडले नाहीत. तुम्ही ओरडताय तेवढी तर ती मॅनेजर बाईपण ओरडली नाही.

खवट
ती ओरडणारच नाही अण्णा, वर निशिकासाईकरांनी काय लिहिलंय? ती पुढच्या वेळी "खोली शिल्लक नाही" म्हणेल.

मंजिरी_ठाणे
जरा कामाचं बोलू का? वरणभात ताई, नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून तिथे भागत नाही. रस्सा माशाचा नको, असं "दाशी"चं, म्हणजे त्या रश्श्याचं, नाव घेऊन लिहून न्या. कोको इचिबान्या या करीवाल्या साखळीच्या बऱ्याच दुकानांत व्हेज करी वेगळी मिळते, विचारून घ्या. आणि एक रात्र कोयासानच्या, म्हणजे ओसाकापलीकडच्या डोंगरावरच्या, बौद्ध मठात काढाच. तिथलं जेवण भिक्षूंचं, मासा-मांस तर सोडाच, कांदा-लसूणसुद्धा नाही, रस्सा समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमचा. तिळाचं "तोफू" तर आमच्याकडे सासूबाईंनी दोनदा मागितलं. कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये फडणवीसांनी अनावरण केलं होतं. आपले लोक ओसाकापर्यंत जातात, किल्ला बघतात, खरेदी करतात आणि तिथूनच परत फिरतात, याचा मला खरंच राग येतो.

खवट
एवढ्या लांब जायचं, वर डोंगर चढायचा आणि जेवायला कांदा-लसूण नाही. चातुर्मास एक्स्पोर्ट झाला म्हणायचा. पण ठीक आहे, वरणभात, जा तुम्ही जपानला, परवानगी दिली.

वरणभात
तुमच्या परवानगीसाठीच तिकीट अडलं होतं.

सव्वासातची_लोकल
धागा शिष्टाचाराचा होता, आता आमटीवर आलाय. कुणी सरकत्या जिन्याचं सांगेल का, टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे, मग आई कुठे उभी राहील?

निशिकासाईकर
समोरचा जिकडे उभा आहे तिकडे. नागोयात तर ऑक्टोबर २०२३ पासून नियमच आहे, दोन्हीकडे उभंच राहायचं, चालायचं नाही. बघा, तुम्हालाही शेवटी नियमच विचारावा लागला.

सव्वासातची_लोकल
छत्तिसावा. लिहून घेतला. खूश?

वरणभात
मंजिरी, मठात जमिनीवर बसावं लागतं का गं? यांचे गुडघे गेलेत. आणि जायचं कसं?

मंजिरी_ठाणे
ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई लाइनने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार आणि वर बस. बसायचं खालीच असतं, पण काही मठ लहान खुर्ची देतात, बुकिंग करतानाच सांगून ठेवा, आयत्या वेळी नको. जेवण संध्याकाळी लवकर असतं, उशिरा पोचलात तर हुकतं. आंघोळ सगळ्यांची एकत्र, बायका-पुरुष वेगळे पण कपडे काढून, आणि आधी बाहेर साबण लावून धुवून मगच हौदात उतरायचं. यावर पुढे काही विचारायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) कर, इथे खवट बसलेत.