फिश ऑइलच्या कॅप्सूल आणि छातीत धडधड, काही संबंध असतो का?

निळीशाई:
बाबा ६४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. वर्षभरापासून कुणीतरी सांगितलं म्हणून फिश ऑइल घेतायत, आधी रोज एक, मग गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणून दोन, आणि आता मनानेच चारवर गेलेत. डॉक्टरांना सांगितलेलंच नाही, म्हणतात ते काय औषध आहे का. गेले तीन आठवडे मधेच छातीत धडधड होते, दोनेक मिनिटांत थांबते. फिश ऑइलने ठोके अनियमित होतात असं वाचलं, खरंय का? डब्यावर मोठ्या अक्षरात १००० मिग्रॅ आहे, म्हणजे रोज ४ ग्रॅम झालं ना हे?

पांढरा_कोट:
मी फार्मासिस्ट आहे. तुमची काळजी बरोबर आहे, पण आधी आकडा नीट बघा. १००० मिग्रॅ हे नुसतं तेलाचं वजन. डब्याच्या मागे बारीक अक्षरात ईपीए आणि डीएचए (तेलातले ओमेगा ३ फॅट्स) असं लिहिलेलं असतं, त्यांची बेरीज महत्त्वाची. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा १८० आणि १२० असतं, म्हणजे ३००. स्ट्राँगवाली असेल तर एकाच कॅप्सूलमध्ये दुप्पट, तिप्पट भरतं.

आता ठोक्यांचं. एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) म्हणतात त्याला, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. २०१८ च्या रिड्यूस-इट ट्रायलमध्ये रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिलं होतं, त्यात या त्रासामुळे ॲडमिट व्हावं लागलेले ३.१ टक्के, आणि न घेणाऱ्यांत २.१. म्हणजे शंभरात एकाचा फरक, पण आहे. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकानेही ओमेगा ३ च्या औषधांवर हा धोका लिहायला लावला, डोस वाढला की धोका वाढतो आणि ज्यांना हृदयविकार किंवा त्याची रिस्क आहे त्यांनी जपायचं. बीपी म्हणजे रिस्क आलीच की.

त्याच ट्रायलमध्ये हार्ट अटॅक वगैरे कमी झाले हेही खरं, पण ते ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) जास्त असलेले पेशंट होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. बाबांना कुणी लिहून दिलेलं नाही, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत बंद ठेवा, एकदम थांबवल्याने काही होत नाही. बीपीची गोळी मात्र चुकवू नका. आणि धडधड येऊन जाऊन असेल तर ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, तेवढ्यावर समाधान मानू नका, २४ तासांच्या होल्टरबद्दल (अंगावर लावून ठोके सलग नोंदवणारं छोटं मशीन) विचारा. हे अंगावर काढायचं नाही, कारण एएफमध्ये हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. चक्कर, दम लागणं, छातीत दुखणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

संथवाट:
माझा अनुभव सांगते. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असताना मी फिश ऑइल घेत होते आणि दाढ काढायच्या वेळी डेंटिस्टला गोळीचं सांगितलं पण कॅप्सूलचं सांगायचं डोक्यातच आलं नाही, रात्रभर कापूस बदलत बसले होते. तेव्हापासून कुठेही गेले की सगळं लिहून नेते.

पांढरा_कोट:
@संथवाट त्यात मोठा वाटा गोळीचाच असणार. नुसत्या फिश ऑइलने जास्त रक्तस्राव होतो असं बहुतेक ट्रायल्समध्ये ठळक दिसलेलं नाही. पण दोन्ही एकत्र असेल तर सांगायलाच हवं, तुम्ही आता करता तेच योग्य.

दोन_चमचे:
एक राहिलं, कॉड लिव्हर ऑइल आणि फिश ऑइल एक नाही!! लिव्हरवाल्यात व्हिटॅमिन ए आणि डी पण असतं. ए जास्त झालं तर लिव्हरला त्रास, आणि गरोदरपणात तर बाळासाठी धोक्याचं. माझी बहीण तेच घेत होती, सोबत मल्टिव्हिटॅमिन, त्यातही ए. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. आणि कॅप्सूल फोडून वास घ्या, कुबट आला तर तेल खवट झालंय, टाकून द्या.

निळीशाई:
सगळ्यांचे खूप आभार. डबा बघितला, ५०० आणि २५०, म्हणजे चारमध्ये ३ ग्रॅम!! कॉड लिव्हर नाहीये. बाबांना ३.१ आणि २.१ वाचून दाखवलं तर आधी म्हणाले एवढ्याशा फरकाने काय होतंय, मग गुठळीचं वाचलं आणि स्वतःच डबा माझ्या हातात दिला. उद्या सकाळी ईसीजीला नेतेय, डबा सोबत घेऊनच. होल्टरचं विचारते आणि काय म्हणतात ते इथे लिहिते.