खुन्याचा भूतकाळ खटकला
‘रात्सासन’ या तमिळ थरारपटाचा शेवट उगाच लांबलाय हे मत पटतं, पण मला त्याहून खटकला तो खुन्याचा भूतकाळ. शारीरिक आजार, त्यावरून झालेली कुचेष्टा, म्हणून तो असा झाला, हे फारच सोपं उत्तर आहे. तसा आजार असलेल्या माणसांवर अन्यायही. बाकी २०१८च्या या सिनेमावर दिग्दर्शक राम कुमारची पकड जबरदस्त. भेटवस्तूच्या खोक्यातली ती विद्रूप बाहुली अजून डोळ्यांसमोरून जात नाही! सिनेमा काढायची स्वप्नं बघणारा अरुण नाइलाजाने पोलिसात लागतो आणि पटकथेसाठी केलेला अभ्यासच तपासात कामी येतो, ही कल्पना फार आवडली. विष्णू विशालने त्याची घुसमट संयमाने दाखवलीय. वरिष्ठ महिला अधिकारी मात्र निव्वळ अडवणुकीपुरती. जिब्रानचं पार्श्वसंगीत हेडफोन लावून ऐकाच.