सेंटओएस 7 चे 120 सर्व्हर: जागेवर अपग्रेड की पुसून नव्यानं?

रंकाळा_रूट: सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीची मुदत 30 जून 2024 ला संपली. शिरोली एमआयडीसीत समजा असे 120 सर्व्हर आहेत. एलिव्हेट या अपग्रेडच्या साधनानं जागेवर अल्मा (सेंटओएसच्या जागी वापरतात ती लिनक्स प्रणाली) चढवायचं की पुसायचं? माझं मत, पुसा. आवृत्ती सातवरून नऊला जाताना एलिव्हेट आधी आठवर थांबतं, म्हणजे प्रत्येक मशीनला दोन फेऱ्या. पीएक्सई-किकस्टार्टला, म्हणजे नेटवर्कवरून बूट करून उत्तरांच्या फाइलनं आपोआप इन्स्टॉल करायला, एकच. मशीनमागं दीड जीबी पॅकेजं धरली तर एका खेपेच्या 40 मशीनना 60 जीबी, एक गिगाबिटच्या लाइनवर दहाएक मिनिटं. गुऱ्हाळावर आधण काढतात तसं तीन आधणात काम खल्लास.

पंचगंगा_काठ: आधण करपलं तर? पर्क 5 आणि 6 या डेलच्या रेड कार्डांचा (डिस्का जोडणारी कार्डं) आधार रेड हॅटनं, म्हणजे ज्यावर सेंटओएस नि अल्मा बेतलेत त्या लिनक्सनं, आठपासून काढला. लिपचं, म्हणजे एलिव्हेट ज्यावर चालतं त्या साधनाचं, प्रीअपग्रेड (आधीची तपासणी) ते दिवसाउजेडी सांगतं आणि अडवतं. किकस्टार्ट रात्री दोनला 'डिस्कच नाही' म्हणून बसू शकतं. वर किकस्टार्टमधलं तुमचं 'क्लिअरपार्ट ऑल', सगळ्या डिस्का पुसणारी ओळ! सॅनचं (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्याचं) लन, म्हणजे त्यातली एक डिस्क, जोडलेलं असलं तर तेही साफ. डिस्कची नावंही बदलतात, कालचा एसडीए आज एसडीबी होतो हे धरूनच चाला.

रंकाळा_रूट: म्हणून तर 'इग्नोरडिस्क' ओळीत 'ओन्ली-यूज' लावून बाय-पाथचं नाव (डिस्क कुठं जोडलीय त्यावरचं, न बदलणारं) द्यायचं, आणि इन्स्टॉल होईतो सॅनचं झोनिंग, म्हणजे मशीनला सॅन दिसण्याची वाट, बंद. कार्डांची यादी अन्सिबलनं (अनेक मशीनवर एकदम आज्ञा चालवणारं साधन) 'एलएसपीसीआय' ही कार्डं दाखवणारी आज्ञा फिरवून आधीच काढा. फक्त अन्सिबल-कोअर 2.16 वरच ठेवा. 2.17 ला समोरच्या मशीनवर पायथन 3.7 लागतो, सातवर 2.7 आहे.

गूळ_खडा: एवढी उठाठेव कशाला भावा, एका मशीनची इमेज काढून सगळीकडं ओता की.

पंचगंगा_काठ: नको. मशीन-आयडी आणि एसएसएच होस्ट की (मशीनची स्वतःची ओळख पटवणाऱ्या गोष्टी) सगळीकडं एकच होतात. यावर माझं नि रंकाळ्याचं जमतंय बघा. पण बूट ऑर्डरचं काय? बायोसमध्ये नेटवर्क कायमचं पहिलं ठेवलं तर लाइट गेली, यूपीएस बसला, लाइट आली, की 120 च्या 120 मशीन स्वतःला पुसायला लागतील.

रंकाळा_रूट: बायोसला हातच लावायचा नाही. दुरून मशीन हाताळणारी 'आयपीएमआयटूल चेसिस बूटडेव्ह पीएक्सई' ही आज्ञा द्या, ते पुढच्या एका बूटपुरतंच असतं. शिवाय इन्स्टॉल संपताना 'पोस्ट' स्क्रिप्टनं पीएक्सई सर्व्हरवरची त्या मशीनच्या मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाची) फाइल काढायला लावायची. फाइल नाही, तर इन्स्टॉल नाही.

पंचगंगा_काठ: हे पटलं. तरी डेटाबेसची मशीनं मी लिपनंच नेणार, तीही एकेक करून, बॅकअप दुसरीकडं उतरवून बघितल्यावर. वेब आणि ॲपची घ्या तुम्ही.