थिनरच्या डब्यावरचा ‘इनफ्लॅमेबल’

सेक्रेटरी: ए विंगच्या जिन्याखाली, मीटरबोर्डच्या शेजारीच, कुणीतरी थिनरचे डबे ठेवलेत. कृपया आजच हलवा.

ए-३०३: डबे आमचेच, रंगकाम चालू आहे. पण त्यांवर ‘इनफ्लॅमेबल’ छापलंय. म्हणजे न पेटणारं ना? ‘व्हिजिबल’चं ‘इनव्हिजिबल’ होतं तसं?

बी-१०१: नाही हो ताई! चटकन पेट घेणारं. फ्लॅमेबल आणि इनफ्लॅमेबल, दोन्हींचा अर्थ एकच. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत, दिसायला अगदी सारखे. एक नकाराचा, तो ‘इनव्हिजिबल’मध्ये. दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इनफ्लामारे’ म्हणजे पेटवणं, त्यात हा दुसरा. ‘इनफ्लॅमेबल’ त्यावरूनच आला आणि इंग्रजीत जुना तोच. ‘फ्लॅमेबल’ १९व्या शतकातला.

सी-२०४ (डॉक्टर): आमचं ‘इन्फ्लमेशन’ही त्याच घराण्यातलं. सांधा लाल होतो, गरम लागतो, आग होते.

ए-३०३: मग असा घोळात टाकणारा शब्द छापतातच कशाला, काका?

बी-१०१: अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला, की इशाऱ्यासाठी ‘फ्लॅमेबल’च वापरा. मला ते पूर्ण पटतं. व्याकरणाने ‘इनफ्लॅमेबल’ बरोबरच आहे, पण डबा उचलणाऱ्याला लॅटिन कुठून येणार? आपल्याकडे पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लॅमेबल’ लिहिलेलं दिसतं. आपला १९५२चा कायदासुद्धा ‘इनफ्लॅमेबल सबस्टन्सेस अ‍ॅक्ट’ याच नावाचा.

ए-२०१: मग न पेटणाऱ्याला काय म्हणायचं?

बी-१०१: ‘नॉन-फ्लॅमेबल’.

ए-३०३: त्यातले दोन डबे रिकामे आहेत. ते राहू दिले तर चालतील?

बी-१०१: अजिबात नको! तळाशी थोडं उरलं तरी त्याची वाफ होते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. ‘रिकामा’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. बेंजामिन ली वोर्फ हे भाषेचे अभ्यासक आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वावरतात आणि रिकाम्या पिंपांजवळ खुशाल सिगारेट ओढतात, हे त्यांनी लिहून ठेवलंय. खरा स्फोटाचा धोका तर त्या रिकाम्या पिंपांतल्या वाफेचाच.

सेक्रेटरी: ताई, मग रिकामे-भरलेले सगळेच हलवा. तोवर मी वर ‘ज्वलनशील – आग लावू नका’ अशी चिठ्ठी चिकटवतो. वॉचमनलाही सांगतो, तिथे बिडी-काडी नको.

ए-३०३: पेंटरला फोन केलाय, तासाभरात येऊन घेऊन जातोय.