पाचशेच्या पुढचं अधिकचं चिन्ह
लिंक्डइन बघून न्यूनगंड येतो तर ॲपच काढून टाका, हा सल्ला मला काही पटला नाही. मी काढून बघितलंय. नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा गुपचूप परत घेतलं.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. गाठी मोजायच्या, गाडी भरून घ्यायची, कागद जुळवायचे. प्रोफाइलवर त्याचं ‘सप्लाय चेन प्रोफेशनल’ झालं. खोटं नाही म्हणा, पण तेव्हापासून पुण्यात ‘सीनियर मॅनेजर’ झालेल्या वर्गमित्रांशी स्वतःला मापायला लागलो. फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलंय, की ठोस माप हाताशी नसलं की माणूस इतरांकडे बघून स्वतःला जोखतो. माझ्याकडे तर माप होतं: गाडी वेळेत सुटली का, माल परत आला का. तेच मी बाजूला टाकलं.

त्यात समोर कोण दिसणार हे फीड ठरवते. हुकलेली बढती कोण टाकतंय तिथे? आणि पाचशेनंतर कनेक्शन, म्हणजे जोडलेली माणसं, कितीही वाढली तरी प्रोफाइलवर नुसतं ‘५००+’ दिसतं. त्या अधिकच्या चिन्हासाठी मी रोज रात्री अनोळखी लोकांना रिक्वेस्ट पाठवत बसायचो. बायको म्हणाली, "यातले किती जण आपल्याबरोबर गड्ड्याच्या जत्रेला येतील?"

परवा प्रोफाइलला शोभेल म्हणून एका कोर्सचे पैसे भरणार होतो. मालक म्हणाले, त्यापेक्षा एक्सपोर्टची कागदपत्रं स्वतः करायला शीक. तेच शिकतोय सध्या. प्रोफाइलवर अजून टाकलेलं नाही.