सेंद्रिय मानकांच्या सल्लागार समितीसाठी एक नाव पाठवायचंय, कुणाचं पाठवावं?

कर्वेनगरची_टोपली
नमस्कार मंडळी. आम्ही कर्वेनगरातली पंचवीसेक घरं मिळून गेली सहा वर्षं मुळशी-पुरंदरच्या शेतकऱ्यांकडून थेट माल घेतो. दर शनिवारी पार्किंगमध्ये टोपल्या उतरतात आणि भांडणंही तिथेच होतात. परवा ओळखीच्या एका कृषी अधिकाऱ्यांचा फोन आला. सेंद्रिय प्रमाणनाच्या नियमांवर सल्ला देणाऱ्या एका सरकारी समितीसाठी नावं मागवलीयत, तुमच्या गटाकडूनही एक नाव पाठवा म्हणाले. सोबत दोन पानांचं टिपण हवंय, मुदत महिनाअखेर.

गटात तिघांची नावं निघाली. (इथे लिहीत नाही, साधी माणसं आहेत.) पुरंदरचे एक काका, अंजीर-सीताफळवाले. पंधरा वर्षं शेतात युरियाचा दाणा नाही, पण चारचौघांत तोंड उघडत नाहीत. दुसरे निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, तोंड उघडलं की मिटत नाही. तिसरी ताई, पूर्वी प्रमाणन संस्थेत निरीक्षक होती, आता स्वतंत्र सल्लागार आहे. नियम तोंडपाठ, पण तिला काम देणारे दोघे निर्यातदार आहेत. काय करावं?

मातीमोल
शेतकरी द्या. शास्त्रज्ञ सरकारला आपोआप सापडतात.

तपासनीस_निवृत्त
ताई, आधी त्या साहेबांना विचारा, समिती नक्की कोणत्या वाटेची? आपल्याकडे सेंद्रियच्या दोन वाटा आहेत. एक एनपीओपी (सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम), २००१ पासूनची, वाणिज्य मंत्रालयाची, कारभार अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे. तिथे बाहेरची संस्था येऊन तपासते. दुसरी पीजीएस (सहभागातून हमी), कृषी मंत्रालयाची. तिथे गावातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. वर २०१७ मध्ये एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे, नियम आणि 'जैविक भारत'चं चिन्ह आलं. निर्यातीच्या वाटेवरची समिती असेल तर तुमच्या काकांचा जीव गुदमरेल. पीजीएसची असेल तर निरीक्षक ताई निम्मी वाया जाईल.

आणि अशा समितीत तत्त्वज्ञान कुणी विचारत नाही हो. कुठलं औषध चालेल, हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं संक्रमणकाळ (रासायनिकातून सेंद्रियात यायचा) पुरे का, शेजारच्या शेतापासून किती पट्टा मोकळा सोडायचा, असले प्रश्न येतात. टिपण यातल्या एकावरच लिहा. दोन पानांत सेंद्रिय शेतीची महती गाणारे अर्ज मी ढिगाने पाहिलेत. पहिल्या पानापुढे कुणी जात नाही.

बोर्डोवाला
तपासनीस काकांशी सहमत. माझ्याकडे द्राक्षं आहेत. सेंद्रियमध्ये बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) चालतं, पण त्यातलं तांबं मातीत साठतं. युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे सरासरी वर्षाला चार. पाऊस लांबला की डाऊनी (केवडा रोग) येतो, आणि तेव्हा हे चार किलो कसे पुरवायचे ते फवारणाऱ्यालाच कळतं. तुमच्या शास्त्रज्ञांनी हातात पंप धरलाय का, एवढं विचारा.

डेक्कनचा_परतलेला
अमेरिकेत अशा मंडळाची रचना कायद्यातच बांधून टाकलीय. १९९० चा कायदा, १५ सदस्य, पाच वर्षांची मुदत. चार शेतकरी, दोन प्रक्रियावाले, एक दुकानदार, तीन पर्यावरणवाले, तीन ग्राहकांच्या बाजूचे, एक शास्त्रज्ञ, एक प्रमाणन संस्थेचा. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. तरी शेतकऱ्याच्या खुर्चीवर कंपनीचे पगारी लोक बसवल्याच्या तक्रारी झाल्याच.

२०१७ मध्ये मातीशिवाय नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणायचं का, यावर तिथे मतदान झालं. बंदीचा ठराव ८ विरुद्ध ७ असा पडला. फरक एका मताचा! तेव्हा 'एकच तर नाव' असं समजू नका. आणि निरीक्षक ताईंचे निर्यातदार हा दोष नाही. अर्जात लपवले तर दोष.

भोरची_सूनबाई
मी सगळं वाचतेय आणि मला एकच विचारायचंय. काकांच्या शेताची डायरी कोण लिहितं? आमच्याकडे जीवामृत कधी दिलं, बी कुठून आणलं, शेजाऱ्याने फवारलं त्या दिवशी वारा कुठला होता, सगळं मी लिहिते. तपासणीला माणूस आला की प्रश्न 'हे कुठायत?' असतो आणि उत्तरं मी देते. मागे शेजारचं तणनाशक वाऱ्याने आमच्या भातावर आलं, तेव्हा त्या डायरीनेच वाचवलं. नाहीतर सेंद्रियच्या गटातून आमचं नाव कटणारच होतं.

कर्वेनगरची_टोपली
सूनबाई, तुम्ही कान पकडलात. काल काकांना फोन केला. "ते हिला विचारा, मला काय कळतंय" म्हणाले आणि फोन काकूंना दिला. काकूंकडे अकरा वह्या आहेत. तारखांसकट! शेणखताचा ढीग कधी पालटला तेही आहे. आणि सहा वर्षं मी त्यांना फक्त "काकू, अंजीर किती किलो?" एवढंच विचारत होते.

वाट पीजीएसचीच आहे, साहेबांना विचारलं. अडचण एकच. शेतकरी म्हणून नाव द्यायचं तर सातबारा जोडा म्हणतायत, आणि सातबारा काकांच्या नावावर.

मातीमोल
लक्ष्मीमुक्तीतून बायकोचं नाव लावता येतं. काकांनी तलाठ्याकडे अर्ज टाकावा.

तपासनीस_निवृत्त
टाकावाच, पण महिन्याभरात नोंद होईल या भरवशावर राहू नका. काकांचा सातबारा, कुटुंबातली कसणारी व्यक्ती असल्याचं काकांचं संमतीपत्र आणि पीजीएस गटाच्या ज्या तपासणी-नोंदींवर काकूंची सही असेल त्यांच्या प्रती जोडा. साहेबांना आधी दाखवून घ्या, नंतर त्रुटी निघायला नको. टिपणाचा विषय मोकळा पट्टा आणि वाऱ्याने येणारं औषध. वह्यांतल्या खऱ्या तारखा घाला. लिहायला निरीक्षक ताईंची मदत घ्या, सही काकूंची.

बोर्डोवाला
आणि शास्त्रज्ञांना?

कर्वेनगरची_टोपली
त्यांना टिपण तपासायला दिलंय. चार पानांचं करून परत पाठवलंय, आता पुन्हा दोनाचं करत बसलेय.

काकू तयार आहेत. भत्त्याबिट्ट्याचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अंजिराच्या मीठा बहाराच्या तोडणीत बैठक ठेवू नका म्हणावं."