टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ड्रॉवर फ्रिज : कोणता निवडावा आणि पावसाळ्यात कसा जपावा?

घोडबंदरचा_प्रवासी (ठाणे)

नमस्कार मंडळी. आम्ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करीत आहोत. महिन्यातून एकदा तीन दिवस कोकणात किंवा जुन्नरकडे जाण्याचा बेत असतो, सोबत आई असते आणि तिचे इन्शुलिन थंड ठेवणे ही माझी पहिली गरज आहे. दूध, भाजी, मासळी त्यानंतर. गेल्या मे महिन्यात माळशेज घाटाच्या पायथ्याशी गाडी दुपारभर उन्हात उभी होती, तेव्हा आमच्या बारा व्होल्टच्या साध्या कूलिंग बॉक्समधला थर्मामीटर २१ अंशांवर गेला आणि आम्ही त्याच संध्याकाळी परत फिरलो.

आता पलंगाखाली बसेल असा ३० ते ४० लिटरचा, कॉम्प्रेसरवर चालणारा ड्रॉवर फ्रिज पाहत आहे. सुताराने ४५ सेंटिमीटर रुंदीची जागा सोडली आहे. ड्रॉवर घ्यावा की वरून उघडणारी पेटी, बॅटरी किती मोठी लागेल आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची निगा कशी राखावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

खाडीकाठचा (बेलापूर)

तुमच्या जुन्या बॉक्समध्ये बिघाड नव्हता. असा साधा बॉक्स थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेवर थंड होणारा, असतो; तो बाहेरच्यापेक्षा साधारण १८ ते २० अंशच खाली जातो, त्यामुळे बाहेर ४१ असताना आत २१ दिसणारच. कॉम्प्रेसरचा निर्णय योग्य आहे. माझ्या छोट्या होडीवर सहा वर्षे ३० लिटरचा ड्रॉवर आहे, त्यावरून लिहितो.

पेटी थंडावा सर्वांत चांगला धरते, पण तिच्या वर मोकळी जागा लागते आणि पलंगाखाली ती मिळत नाही. दाराच्या फ्रिजमधली थंड हवा जड असल्याने दार उघडताच खाली सांडते. ड्रॉवरच्या खोल डब्यात ती बऱ्यापैकी बसून राहते. मात्र भरलेला ड्रॉवर चांगलाच जड होतो, म्हणून दुकानात तो रिकामा ओढून पाहू नका. आत पाण्याच्या दहा-बारा बाटल्या ठेवून ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनेल डगमगते का आणि घाटातल्या वळणावर कडी निसटणार नाही ना, हे तपासा.

सुताराने सोडलेली रुंदी वाचून मात्र मला काळजी वाटली, कारण तुम्ही हवेच्या वाटेबद्दल काहीच लिहिलेले नाही. मी पहिल्या वर्षी सागवानी कप्पा फ्रिजला अगदी घट्ट बसेल असा करून घेतला होता. दिसायला सुरेख होता, पण कॉम्प्रेसर रात्रभर थांबेना. एकदा मागच्या फळीला हात लावला तर इस्त्री नुकतीच उचललेल्या कपड्यासारखी ती गरम लागली. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकत होता आणि तीच गरम हवा पुन्हा ओढत होता. पुढच्या पाटाच्या तळाशी एक आणि मागे वरच्या अंगाला एक अशा दोन जाळ्या कापल्या, तेव्हापासून तो निम्माच वेळ चालतो. हे काम फ्रिज बसवण्याआधी करा, नंतर फार जड जाते.

बॅटरीचा हिशोब असा : फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो. उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला, तर दिवसाला ४८ अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ती एका दिवसापुरतीच पुरते; तेवढ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर पावणेदोन दिवसांच्या आसपास निघतात. सोलर पॅनेल जरूर लावा, पण आषाढात त्याच्या भरवशावर राहू नका.

फ्रिज_मेकॅनिक_तुर्भे

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त वायरबद्दल लिहायचे राहिले, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेकदा तिथेच सापडते.

मध्यंतरी एका गाडीतला फ्रिज आला. मालकाने दोन ठिकाणी गॅस भरून घेतला होता, तरी रात्री तो सारखा बंद-चालू होत असे. कंट्रोलरवरचा छोटा दिवा एकदाच लुकलुकून थांबत होता. बॅटरीवर चालणाऱ्या अनेक (डीसी) फ्रिजमध्ये सेकॉपचा, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसचा, बीडी मालिकेतला कॉम्प्रेसर असतो आणि त्यात एक लुकलुक म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याची खूण. पाहिले तर एक चौरस मिलिमीटरची वायर सात मीटर फिरवून लायटरच्या सॉकेटात खोचलेली होती. बॅटरीवर ११.८ व्होल्ट आणि फ्रिजपाशी १०.३! मूळ सेटिंगप्रमाणे १०.४ ला तो बंद पडतो. बंद पडला की वायरमधला प्रवाह थांबतो, फ्रिजपाशी पुन्हा ११.७ च्या वर व्होल्टेज दिसते आणि तो परत सुरू होतो. गॅसचा यात काहीही संबंध नव्हता. बारा व्होल्टवर ४ मीटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटर आणि ६ मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची वायर, फ्यूजसह, थेट बॅटरीपासून न्या.

पावसाळ्यात प्रत्येक वेळी उघडताना दमट हवा आत जाते आणि आतल्या थंड पत्र्यावर, ज्यातून गॅस फिरतो, बर्फ जमतो. तीन-चार मिलिमीटर थर झाला की फ्रिज बंद करून तो आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडलेल्या पत्र्याला भोक पडले, की दुरुस्ती बहुधा परवडत नाही. गाडी उभी असेल तेव्हा आतून पुसून ड्रॉवर बोटभर उघडा ठेवा, नाहीतर ड्रॉवरच्या कडेच्या रबराच्या घडीत काळी बुरशी धरते. रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहा. सहज निघाली तर तिथून थंडावा जातो आहे.

औषधांच्या_दुकानातून (ऐरोली)

इन्शुलिनबद्दल एवढेच सांगते की न उघडलेली पेने २ ते ८ अंशांत ठेवावीत, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी वापरू नये. ड्रॉवरमध्ये थंड पत्र्याला टेकलेली वस्तू गोठू शकते. म्हणून आईंची पेने डब्यात घालून पत्र्यापासून लांब, पुढच्या बाजूला ठेवा आणि थर्मामीटरही त्याच डब्यात असू द्या.

घोडबंदरचा_प्रवासी (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. आज टेप घेऊन गाडीत बसलो. ठरलेल्या जागेपासून बॅटरीपर्यंत वायर जवळपास सात मीटर होत होती, म्हणून दुसरी बॅटरी पलंगाखालीच, फ्रिजशेजारी बसवायचे ठरवले. आता अंतर दीड मीटरही नाही. सुताराला दोन्ही जाळ्या आखून दिल्या आहेत. फ्रिज बसला की आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन दिवस चालवून सकाळ, दुपार, रात्र तापमान लिहून ठेवीन, आणि तिन्ही दिवस पारा २ ते ८ मध्ये राहिला तरच आईला घेऊन निघेन. आकडे इथेच टाकतो.